ठरवलेल्या लढती (मुष्टियुद्ध)

ठरवलेल्या लढती : निकाल, निकाल लागण्याची फेरी किंवा लढतीची लांबी आधीच पक्की करून खेळलेली मुष्टियुद्धे. कुस्तीच्या फडातला ‘नुरा कुस्ती’ हा शब्द मराठीत यासाठी सर्रास वापरतात, पण तो इथे पुरता बसत नाही. नुरा कुस्तीत दोन्ही पैलवान सामील असतात. मुष्टियुद्धात हरणारा एकटा सामील असला तरी काम भागते. जिंकणाऱ्याला काहीच माहीत नसेल तर उलट बरेच, कारण तो मनापासून ठोसे मारतो आणि पडणे खरे वाटते. परीक्षक फोडला असेल तर दोघेही मुष्टियोद्धे निर्दोष असू शकतात. म्हणून ‘लढत ठरवलेली होती’ एवढे म्हणून भागत नाही, कोणी, कोणाशी आणि काय ठरवले होते हे वेगळे विचारावे लागते.

रीती : सर्वांत जुनी रीत म्हणजे ठरल्या फेरीत पडून राहणे. दिसायला सोपी, पण निभावायला अवघड. खऱ्या ठोशाने शुद्ध हरपली की गुडघे आधी सुटतात आणि हात जमिनीकडे उशिरा जातात. सोंग घेणारा हात आधी टेकतो, किंवा ठोसा पोचण्यापूर्वीच मान वळवतो. दुसरी रीत ‘सांभाळून घेण्याची’. यात बलवान खेळाडू प्रतिस्पर्ध्याला लवकर बाद करत नाही, कारण पैज फेऱ्यांच्या संख्येवर लागलेली असते किंवा चित्रपटासाठी पुरेशी लांबी हवी असते. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियातील कोल्मा येथे हेवीवेट विजेता जॅक जॉन्सन आणि मिडलवेट विजेता स्टॅन्ली केचेल यांच्यात असा समझोता झाल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. बाराव्या फेरीत केचेलने अचानक जॉन्सनला पाडले, आणि उठल्या उठल्या जॉन्सनने त्याला बेशुद्ध केले. समझोता मोडला की काय होते, ते यात दिसते.

तिसरी रीत कागदावरची. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला सहसा ९ गुण मिळतात. बारा फेऱ्यांत कोणी पडले नाही आणि फेऱ्या ७–५ अशा वाटल्या गेल्या, तर बेरीज ११५–११३ होते. अटीतटीची एक फेरी फिरवली की ११४–११४, दोन फिरवल्या की निकालच उलटा. अशा दोन-तीन फेऱ्या बहुतेक लढतींत असतातच. त्यामुळे वाकडा परीक्षक आणि चुकलेला परीक्षक यांची गुणपत्रिका सारखीच दिसते. या रीतीचा पुरावा मिळणे जवळपास अशक्य असते ते यामुळे. हातमोज्यांतले भरण काढणे, पट्ट्या कडक करणे किंवा डोळ्यांना झोंबणारे द्रव्य लावणे हे प्रकारही या विषयात घुसडले जातात. पण त्यांत निकाल ठरत नाही, फक्त पारडे झुकते. त्यांना लबाडी म्हणावे, निश्चिती नव्हे.

आरंभ : सर्वांत जुनी नोंद पॉसेनिअस या ग्रीक प्रवासवर्णनकाराने दिली आहे. ९८ व्या ऑलिंपियाडमध्ये (सामान्यतः इ. स. पू. ३८८) थेसलीच्या युपोलसने आपल्या तीन प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले. त्यांत हॅलिकार्नॅससचा फॉर्मिओ हा आधीच्या खेळांतला विजेताही होता. चौघांना झालेल्या दंडातून झ्यूसचे सहा कांस्य पुतळे घडवून ते क्रीडांगणाच्या वाटेवर उभे केले. पॉसेनिअस या घटनेनंतर पाच शतकांहून अधिक काळाने लिहीत होता. तरी पुतळ्यांच्या बैठका उत्खननात सापडल्या असल्याने गोष्टीचा गाभा विश्वसनीय मानावा.

उघड्या मुठींच्या इंग्लिश काळातील मुख्य वाद १७५० सालचा आहे. जॅक ब्रॉटन जॅक स्लॅककडून सुमारे चौदा मिनिटांत हरला. त्याचा आश्रयदाता कंबरलंडचा ड्यूक मोठी पैज हरला (१०,००० पौंडांचा आकडा सांगितला जातो, तो फुगवलेला असावा) आणि आपल्याला विकले, असे त्याने धरले. लढतीच्या वर्णनांनुसार डोळ्यांच्या मधोमध बसलेल्या ठोशाने ब्रॉटनचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते. ज्याला समोरचा दिसत नाही त्याला हरायला लाच लागत नाही. ड्यूकचा संशय त्यामुळे कमजोर ठरतो.

पुरावा कसा तपासतात : पहिला पुरावा सट्ट्याच्या भावाचा. जिंकणार म्हणून धरलेल्या खेळाडूचा भाव दुखापतीची बातमी नसताना शेवटच्या दिवशी उलटला, किंवा बुकींनी पैजा घेणेच थांबवले, तर कोणालातरी काहीतरी कळले आहे. मात्र अफवेनेही भाव उलटतो. दुसरा पुरावा कबुलीचा. कबुली पैशांसाठी विकलेली, की शपथेवर दिलेली, हे आधी पाहावे. तिसरा चित्रफितीचा. तो लोकांना सर्वांत पटतो आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी सिद्ध करतो, कारण फितीत शरीर दिसते, हेतू दिसत नाही. हरणाऱ्याला त्या पराभवातून पुढे काय मिळाले, हा चौथा आणि बहुधा सर्वांत उपयोगी प्रश्न.

सॅन फ्रान्सिस्को, १८९६ : २ डिसेंबर रोजी बॉब फिट्झसिमन्स आणि टॉम शार्की यांची लढत अजिंक्यपदाची म्हणून जाहीर झाली होती. बक्षीस १०,००० डॉलर होते. पंच म्हणून ऐनवेळी बंदूकबाजीसाठी गाजलेला माजी पोलीस अधिकारी वायट अर्प याला आणले, आणि रिंगमध्ये त्याच्या कोटाखालचे पिस्तूल पोलिसांना काढून घ्यावे लागले. आठव्या फेरीत फिट्झसिमन्सने शार्कीला पाडले. अर्पने तो ठोसा कमरेखाली होता असे ठरवून शार्कीला विजयी केले. फिट्झसिमन्स न्यायालयात गेला, पण बक्षिसी लढतीच बेकायदा असल्याने न्यायालयाने हात झटकले आणि पैसे शार्कीला मिळाले. १९०५ मध्ये एका डॉक्टरने, कमरेखाली मार बसल्याच्या खुणा शार्कीच्या शरीरावर आपण तयार केल्या, असे सांगितले. ही कबुली स्वतःच्या अंगावर येणारी आहे, म्हणून तिला वजन द्यावे लागते. अर्प स्वतः सामील होता की फसवला गेला, यावर मतभेद आहेत.

हवाना, १९१५ : ५ एप्रिल रोजी ओरिएंटल पार्क घोड्यांच्या मैदानावर पंचेचाळीस फेऱ्यांची लढत ठरली होती. तीत जेस विलर्डने सव्विसाव्या फेरीत जॅक जॉन्सनला बाद करून हेवीवेट अजिंक्यपद घेतले. उजवा हात डोळ्यांवर आडवा धरून उताणा पडलेल्या जॉन्सनचे छायाचित्र जगभर छापले गेले. शुद्ध हरपलेला माणूस उन्हाची तिरीप हाताने अडवेल कसा, हा प्रश्न तेव्हापासून आजवर विचारला जातो.

पुढे जॉन्सनने, आपण पैसे घेऊन पडलो, असा कबुलीजबाब लिहून दिला. रकमेचा हिशेब पुरा झाल्यावर पत्नी मैदान सोडेल आणि ती खूण समजायची, असे ठरल्याचे त्याचे म्हणणे होते. हा कबुलीजबाब मुष्टियुद्धविषयक मासिकाचा संपादक नॅट फ्लाइशर याने २५० डॉलरला विकत घेतला, पण त्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास नव्हता. बाजू तपासल्या तर कबुली टिकत नाही. सदतीस वर्षांचा, व्यायाम सुटलेला जॉन्सन पहिल्या वीस फेऱ्यांत बहुधा पुढे होता आणि बाद करण्यासाठी झटत होता. हरायचेच होते, तर रणरणत्या उन्हात इतका वेळ कशाला, असे विलर्डही विचारी. छायाचित्रातल्या हाताबद्दल सांगायचे तर, चित्रफितीत पडलेल्या जॉन्सनचे हातपाय हलताना दिसतात, आणि छायाचित्र हा त्यातला एक क्षण आहे. माणूस अर्धवट शुद्धीत असतानाही हात डोळ्यांवर जातो. पराभवाच्या बदल्यात अमेरिकी सरकारकडून माफी मिळणार होती, असाही दावा होतो. ती मिळाली नाही. १९२० मध्ये परतल्यावर जॉन्सनला मॅन कायद्याखालची (अनैतिक हेतूने स्त्रीला राज्याबाहेर नेल्याबद्दलची) शिक्षा भोगावीच लागली. (अध्यक्षीय माफी मिळाली ती २०१८ मध्ये, मृत्यूनंतर ७२ वर्षांनी.) लढत खरी होती, याकडेच आता बहुसंख्यांचा कल आहे, आणि तो योग्य वाटतो.

कार्नेरा : इटालियन हेवीवेट प्रिमो कार्नेराची १९३० मधील अमेरिकी घोडदौड गुंडांच्या टोळीने रचलेली होती, याबद्दल फारसा वाद नाही. ओकलंडला बॉम्बो शव्हॅलिए याच्या स्वतःच्याच साहाय्यकाने, तो लढत असताना, टॉवेल रिंगमध्ये फेकला आणि चौकशी लागली. मात्र २९ जून १९३३ रोजी कार्नेराने जॅक शार्कीला सहाव्या फेरीत बाद करून अजिंक्यपद घेतले, ती लढत ठरवलेली होती का, हे सिद्ध झालेले नाही. शार्कीने आयुष्यभर इन्कार केला.

कार्बोचा काळ : ठरवलेल्या लढतींची शपथेवर झालेली सर्वांत भक्कम कबुली अजिंक्यपदाच्या लढतीची नाही, अजिंक्यपदाची संधी मिळवण्यासाठी हरलेल्या लढतीची आहे. १४ नोव्हेंबर १९४७ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जेक लामोटा बिली फॉक्सकडून हरला. भाव आधीच फॉक्सकडे कलंडला होता. लामोटाच्या सांगण्यानुसार पहिल्याच फेरीत त्याच्या साध्या ठोशांनी फॉक्स डळमळू लागला, आणि त्यालाच सावरून धरण्याची वेळ लामोटावर आली. आपण कधी खाली पडत नाही, हा लामोटाचा अभिमान होता. म्हणून तो दोरांना टेकून मार खात राहिला, आणि चौथ्या फेरीत पंचाने लढत थांबवली. न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाला लाच सिद्ध करता आली नाही. दुखापत लपवल्याबद्दल १,००० डॉलर दंड आणि सुमारे सात महिन्यांची बंदी एवढ्यावर प्रकरण मिटले. जून १९६० मध्ये मुष्टियुद्धातील गुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सिनेटर केफॉवर यांच्या उपसमितीपुढे लामोटाने सर्व कबूल केले. मोबदला पैशांचा नव्हता. १६ जून १९४९ रोजी डेट्रॉइटला मार्सेल सेर्दांविरुद्ध मिडलवेट अजिंक्यपदाची लढत, हा तो मोबदला, आणि त्या संधीसाठी आपणच आणखी २०,००० डॉलर मोजले, असे त्याने साक्षीत सांगितले.

या साक्षीने एक गोष्ट उघड झाली, आणि संशयित लढतींच्या याद्या करणारे तिच्याकडे हमखास दुर्लक्ष करतात. मुष्टियुद्धावर पकड असलेले टोळीवाले फ्रँकी कार्बो आणि ब्लिंकी पालेर्मो यांना दर लढतीचा निकाल विकत घेण्याची गरजच नव्हती. खेळाडूंच्या व्यवस्थापनात छुपा वाटा ठेवायचा, आणि अजिंक्यपदापर्यंत कोणाला पोचू द्यायचे हे आपल्या हाती ठेवायचे. मग कोणीही जिंको, पट्टा घरातच राहतो. लाइटवेट विजेता आइक विल्यम्स यानेही याच समितीपुढे, मोठ्या रकमा देऊ केल्या होत्या आणि आपण नाकारल्या, अशी साक्ष दिली. अजिंक्यपदाच्या लढती भरवणारा, १९४९ मध्ये स्थापन झालेला इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारी ठरवून मोडीत काढला. वेल्टरवेट विजेता डॉन जॉर्डन याच्या कमाईवर हक्क सांगून धमकावल्याबद्दल १९६१ मध्ये कार्बोला २५ आणि पालेर्मोला १५ वर्षांची शिक्षा झाली.

लिस्टन आणि अली : २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीचला हेवीवेट विजेता सनी लिस्टन मुहम्मद अलीविरुद्ध (तेव्हाचा कॅशियस क्ले) खांद्याची तक्रार सांगून सातव्या फेरीसाठी उठला नाही. पैजेचा भाव त्याच्या बाजूने सात किंवा आठास एक होता. डॉक्टरांना स्नायूची इजा आढळली. जुगाराशी संबंधित व्यक्तींविषयीची एफबीआयची टिपणे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत संशय आहे, सिद्धता नाही.

२५ मे १९६५ रोजी मेन राज्यातील लुइस्टन येथे २,४३४ प्रेक्षकांपुढे झालेल्या परतीच्या लढतीचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे, कारण तीत दोन निराळे वाद एकमेकांत मिसळले आहेत. पहिला वाद ठोशाचा. पहिल्या फेरीत अलीचा उजव्या हाताचा आखूड ठोसा लिस्टनच्या डोक्याला लागला, हे संथ चित्रफितीत दिसते. लिस्टनचे वजन त्या क्षणी पुढच्या पायावर होते. अनेकांनी ठोसा पाहिलाच नाही, म्हणून त्याला ‘अदृश्य ठोसा’ म्हटले गेले.

दुसरा वाद मोजणीचा, आणि निकाल प्रत्यक्षात त्यावर लागला. पडलेला दहाच्या मोजणीत उठला नाही तर हरतो, आणि ही मोजणी वेळपाल सुरू करतो. उभा असलेला खेळाडू तटस्थ कोपऱ्यात गेला की पंच ती उचलतो. अली कोपऱ्यात गेलाच नाही, पडलेल्या लिस्टनवर ओरडत उभा राहिला. पंच जर्सी जो वॉलकॉट त्याला ढकलण्यात गुंतला, आणि वेळपाल फ्रान्सिस मॅकडोनो याची मोजणी गोंगाटात त्याला ऐकू गेली नाही. चित्रफितीनुसार लिस्टन फेरी सुरू झाल्यानंतर १ मिनिट ४४ सेकंदांनी पडला आणि १:५६ च्या सुमारास उठला. वॉलकॉटने दोघांना पुन्हा लढू दिले. रिंगजवळून नॅट फ्लाइशरने ओरडून दहाची मोजणी संपल्याचे सांगितले, तेव्हा २:१२ ला त्याने लढत थांबवली. अधिकृत वेळ मात्र एक मिनिट जाहीर झाली. १९२७ मध्ये शिकागोला याच नियमाने उलटे घडले होते. जीन टनीला पाडल्यावर जॅक डेम्प्सी कोपऱ्यात उशिरा गेला, पंचाने मोजणी थांबवून धरली आणि टनीला सुमारे चौदा सेकंद मिळाले. तोच नियम लुइस्टनला पाळला असता, तर उठलेल्या लिस्टनला लढत पुढे चालवता आली असती.

तेव्हा लुइस्टनचा गोंधळ पंचांच्या अननुभवाने पुरता समजतो. त्यासाठी कारस्थान मानावे लागत नाही. उरतो तो एकच प्रश्न, लिस्टनने लवकर उठण्याचा प्रयत्न का केला नाही. टोळीची आज्ञा, पैज, तीन महिन्यांपूर्वी कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्सच्या खुनानंतर पसरलेली भीती, अशी उत्तरे सुचवली जातात. यांतले एकही चौकशीत सिद्ध झाले नाही.

नंतरचा काळ : ६ जून १९६४ च्या कायद्याने खेळातील लाच हा अमेरिकेत केंद्रीय गुन्हा झाला, कमाल शिक्षा पाच वर्षे. यानंतर पडण्यावरून संशय क्वचित आला (१९९६ मध्ये ब्रूस सेल्डन टायसनपुढे १ मिनिट ४९ सेकंदांत संपला, तेव्हा प्रेक्षकांनी आरडाओरड केली). भ्रष्टाचार क्रमवारीकडे सरकला. १९७७ मध्ये एबीसी वाहिनीला आपली राष्ट्रीय स्पर्धा बंद करावी लागली, कारण काही खेळाडूंच्या नावावर न झालेल्या लढतींचे विजय छापले गेले होते. आयबीएफ (आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध महासंघ) या अजिंक्यपदे देणाऱ्या संघटनेचा अध्यक्ष रॉबर्ट ली क्रमवारीसाठी लाच घेतल्याच्या प्रकरणात अडकला. ऑगस्ट २००० मध्ये तो करचुकवेगिरी आणि काळा पैसा पांढरा करण्याबद्दल दोषी ठरला. त्याच वर्षी मुहम्मद अली बॉक्सिंग सुधारणा कायदा झाला.

गुणांच्या बाबतीत १३ मार्च १९९९ ची होलीफील्ड–लुइस लढत नेहमी पुढे येते. लागलेले ठोसे लुइसचे ३४८, होलीफील्डचे १३०. तरी एका परीक्षकाने ११५–११३ होलीफील्डला, एकाने ११६–११३ लुइसला आणि तिसऱ्याने ११५–११५ दिले, म्हणून लढत बरोबरीत सुटली. चौकशा झाल्या, खटला उभा राहिला नाही. हौशी खेळात आंतरराष्ट्रीय संघटनेने करवलेल्या चौकशीच्या २०२१ च्या मॅक्लॅरेन अहवालाने रिओ ऑलिंपिकमधील काही लढतींच्या निकालांत ठरवून फेरफार झाल्याचे मान्य केले. तिथे पंच-परीक्षकांच्या नेमणुकाच ठराविक अधिकाऱ्यांच्या हातात होत्या.

ही सर्व माहिती मुख्यतः अमेरिकी न्यायालये, आयोग आणि सिनेटच्या कागदांतून आली आहे. लहान वजनगट, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील अजिंक्यपदांविषयी अशी शपथेवरची कागदपत्रे फार थोडी आहेत.