लढाई नको, पण पोरगा आपला: विदर्भातल्या घालमेलीची पार्श्वभूमी

मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू होतं तेव्हा आमच्याकडं गावोगावी दोन गोष्टी ऐकू येत होत्या, एक म्हणजे आता एकदाचा हिशोब करूनच टाका, आणि दुसरी, लवकर थांबू दे बाप्पा, आपला पोट्टा तिकडं आहे. बरेचदा दोन्ही एकच माणूस बोलायचा, पानठेल्यावर एक आणि घरी गेल्यावर दुसरं. 10 मे ला युद्धबंदी झाली आणि ज्यानं ज्यानं बरं झालं म्हटलं त्याला मोबाईलवर देशद्रोही ठरवणं सुरू झालं. मला ते फार लागलं, कारण ही घालमेल आपल्या भागात खूप जुनी आहे आणि आपल्याकडच्या मोठ्या माणसांनी ती उघडपणे जगून दाखवली आहे.

भारताला न विचारता इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात ओढलं म्हणून 1939 च्या शेवटी काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, आणि 17 ऑक्टोबर 1940 ला वर्ध्याजवळच्या पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. सांगणं एवढंच, की या युद्धाला माणूस देऊ नका अन् पैसाही देऊ नका. त्यांना पाठवणारे गांधीजी सेवाग्रामला होते, आणि हेच गांधीजी 1918 साली गुजरातेत खेडा जिल्ह्यात गावोगाव पायी फिरून इंग्रजांच्या फौजेसाठी भरती करत होते. त्यांना हे सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही.

आता त्याच्या पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1941 मध्ये, नागपूरजवळ कामठीला महार रेजिमेंटची दुसरी बटालियन उभी राहिली. पवनार ते कामठी शंभर किलोमीटरसुद्धा नाही. महारांची भरती इंग्रजांनी 1890 च्या दशकात बंद केली होती, पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 1917 ला 111 वी महार पलटण काढली आणि काम झाल्यावर 1921 ला मोडून टाकली. म्हणून बाबासाहेब, जे स्वतः सुभेदाराचे चिरंजीव, त्यांनी या वेळी भरतीला जोर लावला, शिवाय हिटलर जिंकला तर कुणाचंच स्वातंत्र्य उरणार नाही हे त्यांचं ठाम मत होतं. 14 जुलै 1942 ला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीनं इंग्रजांनी निघून जावं असा ठराव केला आणि 18 जुलैला नागपुरात बाबासाहेबांची दलित वर्गाची मोठी परिषद भरली, तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात जाणार हे ठरलेलं होतं. एकाच आठवड्यात, शेजारशेजारच्या जिल्ह्यांत, दोन उत्तरं. मी दोघांनाही खरं मानतो आणि त्यातलं एक निवड म्हटलं तर मला ते जमत नाही.

मग ऑगस्टमध्ये ‘भारत छोडो’ चळवळीत चिमूर पेटलं, फौज आली, बायाबापड्यांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्याची चौकशी व्हावी म्हणून गांधीजींचे सहकारी प्रा. भन्साळींनी 63 दिवस उपास केला. तुकडोजी महाराजांना त्याच चळवळीत अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या जेलात ठेवलं. आणि 1962 ला चीननं हल्ला केला तेव्हा हेच महाराज सीमेवर जाऊन जवानांपुढं भजनं म्हणत होते, 1965 लाही गेले. सरकारच्या फौजेविरुद्ध जेल भोगणं आणि वीस वर्षांनी आपल्या जवानाच्या पाठीवर हात ठेवणं यात महाराजांना काही उलटसुलट वाटलं नसावं, निदान मला तरी वाटत नाही.

लढाईचं सामानही इथंच बनतं आणि साठवलं जातं. पुलगावचा दारूगोळा डेपो, भंडाऱ्याची जवाहरनगरची फॅक्टरी, भद्रावतीची आयुध निर्माणी, कित्येक घरांची चूल त्यावर चालते. 31 मे 2016 ला पुलगाव डेपोला आग लागली, दोन अधिकारी आणि कितीतरी जवान, फायरमन गेले. 20 नोव्हेंबर 2018 ला त्याच डेपोच्या सोनेगाव (आबाजी) भागातल्या मैदानावर जुने बॉम्ब निकामी करायला आणले होते, पेट्या उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण गेले, त्यात आजूबाजूच्या गावचे रोजंदारीवाले मजूर होते. 24 जानेवारी 2025 ला जवाहरनगरच्या फॅक्टरीत स्फोट झाला, आठ जण गेले. यातल्या मजुरांना कुणी शहीद म्हणत नाही आणि हे मला अजिबात पटत नाही, लढाईचा खर्च मोजायचा तर यांनाही मोजा.

कारगिलपासून जवानाचं पार्थिव गावात यायला लागलं. आधी बहुतेक वेळा तारच यायची, अंत्यसंस्कार तिकडंच व्हायचे. फेब्रुवारी 2019 ला पुलवामानंतर बुलढाणा जिल्ह्यात मलकापूरला आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याला दोन जवान परत आले ते तिरंग्यात.

तरी पोट्टे थांबले नाहीत. कापसात काही उरत नाही, म्हणून पहाटे डांबरी रस्त्यावर 1600 मीटर धावतात, पडीक वावरात स्वतःच खोदलेल्या नऊ फुटी खड्ड्यावरून उड्या मारतात. जून 2022 पासून फौजेच्या भरतीची अग्निपथ योजना आहे, चार वर्षांची नोकरी, त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के पुढं कायम. पहिली बॅच 2026 च्या शेवटी घरी यायला लागेल, पेन्शन नाही, साधारण साडेअकरा लाखाच्या आसपास सेवानिधी मिळेल. लढाई हवी का नको हे बोलायचा पहिला हक्क या पोट्ट्यांच्या मायबापांचा आहे, आणि ते सध्या विचारतात ते एवढंच की चार वर्षांनंतर काय.