परमनंट मेकअप स्टुडिओ उघडायचाय? महाराष्ट्रात लागणारे परवाने आणि कागदपत्रं

परमनंट मेकअप (पीएमयू) म्हणजे सुईने त्वचेच्या वरच्या थरात रंग भरणं. त्यासाठी म्हणून वेगळा सरकारी परवाना भारतात नाही, महाराष्ट्रातही नाही. मायक्रोब्लेडिंग (भुवया) असो, लिप ब्लश (ओठांचा रंग) असो की टाळूवरचं मायक्रोपिगमेंटेशन (केसांसारखे ठिपके), यासाठी लायसन्स देणारं खातंच अस्तित्वात नाही. म्हणून कोणी ‘पीएमयू लायसन्स काढून देतो’ म्हणत पैसे मागितले, तर ते कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली मिळतं एवढंच विचारा. पुढचं बोलणं बहुधा तिथेच थांबेल.

लागतात ते परवाने दुकानाचे, कराचे आणि काही प्रमाणात आरोग्याचे. ते वेगवेगळ्या खिडक्यांवर मिळतात, आणि त्यातला एकही तुमचा हात किती तयार आहे हे तपासत नाही. कोर्सच्या प्रमाणपत्राचंही तसंच. आयटीआयचा कॉस्मेटोलॉजीचा ट्रेड किंवा ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचा कोर्स केला असेल तर उत्तम. ग्राहकाला विश्वास वाटतो आणि कर्जाच्या फाईललाही वजन येतं. पण ‘इंटरनॅशनल सर्टिफाइड’ लिहिलेली फ्रेम म्हणजे व्यवसायाची परवानगी नव्हे. बोटॉक्स, फिलर, पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या द्रवाचं इंजेक्शन), भुलीचं इंजेक्शन ही कामं डॉक्टरांची. त्या वाटेला जाऊच नका, मशीन विकणारा काहीही सांगो.

सुरुवात जागेपासून करा, कारण पुढचा प्रत्येक अर्ज पत्त्याचा पुरावा मागतो. गाळा भाड्याचा असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 नुसार नोंदणी सक्तीची आहे, करार अकरा महिन्यांचा असला तरी. नोटरी करून भागवणारे अजूनही पुष्कळ आहेत. करारात जागेचा वापर ‘व्यावसायिक, सौंदर्यसेवा’ असा स्पष्ट लिहून घ्या. सोबत मालकाचं ना हरकत पत्र, अलीकडचं वीजबिल आणि मालमत्ता कराची पावती. राहत्या फ्लॅटमध्ये सुरू करायचं असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या आणि निवासी जागेच्या अशा वापराला तुमची महापालिका काय म्हणते ते विचारून ठेवा. हे प्रकरण शेजाऱ्याच्या एका तक्रारीवर उघडं पडतं.

मग गुमास्ता. 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार छोट्या आस्थापनेला नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की झालं. नोंदणीसाठी कामगारांची मर्यादा आधी दहा होती, 2025 मध्ये ती वीसवर नेण्यात आली. दोन-तीन माणसांच्या स्टुडिओला दोन्ही हिशोबांनी सूचनाच पुरते. व्यवसाय सुरू झाल्यापासून 60 दिवसांत फॉर्म एफ भरायचा. मुंबईत महापालिकेच्या दुकाने व आस्थापना खात्याकडे, इतरत्र कामगार विभागाच्या पोर्टलवर. मालकाचं आधार, पॅन, फोटो, पत्त्याचा पुरावा, स्वयंघोषणापत्र आणि पाटीसह दुकानाचा फोटो तयार ठेवा. मिळणारी पोचपावती म्हणजेच लोकांच्या भाषेतला गुमास्ता. बँकेत चालू खातं उघडताना पहिल्यांदा हीच मागतात. पत्ता किंवा मालकी बदलली तर तसं कळवावं लागतं.

या पाटीवर लोक हमखास अडकतात. 2022 च्या दुरुस्तीपासून कितीही लहान दुकान असलं तरी नामफलक मराठीत, देवनागरीत हवा. इतर भाषेतलं नाव चालतं, पण मराठी अक्षरं आधी आणि इतर अक्षरांपेक्षा लहान नकोत. आपल्या धंद्यात ब्रँडचं नाव इंग्रजीत, तेही वळणदार सोनेरी अक्षरात ठेवायची हौस. मराठी नाव खाली कोपऱ्यात बारीक. अशी पाटी बनवून घेतलीत की ती पुन्हा करावी लागणार. आधी पाटी, मग फोटो, मग अर्ज. आणि पाटी दिव्यांची असेल तर तिचा आकाशचिन्ह परवाना महापालिकेकडून वेगळा काढावा लागतो, याचा खर्च बजेटमध्ये धरा.

महापालिकेचा व्यवसाय परवाना ही यातली सगळ्यात धूसर जागा. मुंबईत 1888 च्या महापालिका कायद्याचं कलम 394 आणि इतर महापालिकांत 1949 च्या अधिनियमाचं कलम 376 यांखाली काही धंद्यांना परवाना सक्तीचा आहे. तुमचं काम पार्लर-सलूनच्या रकान्यात बसवतात की नाही, हे वॉर्ड ऑफिसात गेल्यावरच कळतं. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. कामाचं वर्णन लिहून (‘सुईने त्वचेच्या वरच्या थरात रंग भरणे’ इतकं सरळ) अर्ज द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. उद्या कोणी दारात आलं तर ती पोच कामाला येते.

आता सुया. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम 2016 मधली कचऱ्याची व्याख्या निदान, उपचार, लसीकरण यांभोवती लिहिलेली आहे. टॅटू किंवा परमनंट मेकअपचं नाव तिथे नाही. तुम्ही त्वचारोगतज्ज्ञाच्या क्लिनिकमध्ये बसून काम करत असाल तर ते क्लिनिक नियमांखाली येतंच. स्वतंत्र स्टुडिओच्या बाबतीत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी विचारणा करावी. माझं मत स्पष्ट आहे: कायदा मोघम असला तरी रक्त लागलेलं कार्ट्रिज (मशीनला लावायचा सुयांचा भाग) घंटागाडीत टाकायचं नाही. कचरा उचलणाऱ्या बाईच्या हातात सुई घुसली तर तिला कुठली व्याख्या सांगणार? क्लिनिकसारखाच पांढरा, सुई आरपार जाणार नाही असा डबा ठेवा आणि शहरातल्या अधिकृत प्रक्रिया केंद्राशी करार करून महिन्याच्या पावत्या फाईलला लावा. ब्लेड आणि कार्ट्रिज एकदाच वापरायचे. पुन्हा वापरायची धातूची उपकरणं ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात), 121 अंश सेल्सिअसला किमान 15 मिनिटं. यूव्हीची निळी पेटी म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. स्वतःसह सगळ्या स्टाफला हेपॅटायटिस बीचे तिन्ही डोस द्या.

पिगमेंटच्या (त्वचेत भरायच्या रंगाच्या) बाटलीवर ‘रीच’ लिहिलेलं बघून बरेच जण निश्चिंत होतात. तो युरोपीय संघाचा नियम आहे; जानेवारी 2022 पासून टॅटू आणि परमनंट मेकअपच्या शाईतली हजारो रसायनं त्याखाली मर्यादित केली गेली. चांगली गोष्ट आहे, पण ती भारतातली मंजुरी नाही. सौंदर्यप्रसाधनं आयात करायची तर सौंदर्यप्रसाधने नियम 2020 खाली केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे नोंदणी लागते. ती आयातदाराने करायची असते, म्हणून पुरवठादाराकडे नोंदणी क्रमांक आणि पक्कं बिल मागा. नंबिंग क्रीम (त्वचा बधिर करणारं) हे औषध आहे. ते परवानाधारक केमिस्टकडूनच घ्या. लेबलवर भारतीय उत्पादन किंवा आयात परवाना क्रमांक नसलेली ऑनलाइन ट्यूब ट्रॉलीवर दिसताही कामा नये.

करांचं थोडक्यात. व्यवसाय कराची स्वतःची नोंदणी आणि वर्षाचे 2500 रुपये. स्टाफ ठेवलात आणि पुरुष कर्मचाऱ्याचा महिन्याचा पगार 7500 च्या वर किंवा महिलेचा 25,000 च्या वर गेला की पगारातून कापून भरण्याची दुसरी नोंदणी. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधारवर, पूर्ण मोफत. जीएसटी वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की. 22 सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यसेवांचा दर 18 वरून 5 टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी वजा करून घेण्याची सोय) गेलं. मशीन, भाडं, पिगमेंटवर भरलेला जीएसटी आता खर्चातच धरायचा. शिकवणीचे क्लास घेत असाल तर त्या फीवर 18 टक्केच लागतात. दोन्ही एकाच बिलात मिसळू नका, सीएची डोकेदुखी वाढते.

ग्राहकाकडून घ्यायचा कन्सेंट फॉर्म (संमतीपत्र) कुठल्याही खिडकीवर जमा होत नाही, तरी ग्राहक आयोगात तक्रार गेली तर पहिला कागद तोच मागतील. मराठीत छापा आणि त्यात हे नोंदवून घ्या. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, गर्भारपण, केलॉइडची (जखमेचा व्रण फुगून वाढण्याची) प्रवृत्ती, पूर्वीची अॅलर्जी. पॅच टेस्टची (त्वचेवर थोडं लावून अॅलर्जी तपासण्याची) तारीख. वापरलेल्या पिगमेंटचा आणि कार्ट्रिजचा बॅच क्रमांक. एक ओळ अशी टाका की पुढचे बारा महिने रक्तदान करता येणार नाही, कारण राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं टॅटूनंतर तेवढं थांबायला सांगतात. आधीचे-नंतरचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायची परवानगी वेगळ्या सहीने घ्या. ग्राहक 18 वर्षांखालची असेल तर काम करू नका; तिच्या सहीला कायद्यात किंमत नाही.

दुसऱ्याच्या पार्लरमध्ये खुर्ची भाड्याने घेऊन सुरुवात करणाऱ्यांनी गुमास्ता पार्लरच्या नावाचा आहे हे विसरू नये. व्यवसाय कर, उद्यम, पावतीपुस्तक आणि कन्सेंट फॉर्म स्वतःच्या नावाचे हवेत. पार्लरमालकिणीशी लेखी करार करा आणि सुयांचा डबा कोण उचलणार, ते त्यातच लिहून घ्या. गाळा तिचाही भाड्याचा असेल तर मूळ मालकाची संमती बघितल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका.