ईश्वरचिठ्ठीच्या आधीच्या चिठ्ठ्या

ग्रामपंचायतींचे निकाल लागतात त्या दिवशी कुठल्या तरी गावात दोन उमेदवारांची मतं समसमान होतात. मग एखाद्या लहान मुलाला पुढे बोलावून चिठ्ठी उचलायला लावतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘ईश्वरचिठ्ठीने कौल’ असा मथळा येतो. शब्द मोठा सोयीचा आहे. हरलेल्याला कुणावर रागावता येत नाही आणि जिंकलेल्याला फार मिरवता येत नाही.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात या प्रकाराला असा गोड शब्द नाही, पण ईश्वरचिठ्ठी तिथेही निघते. ४ जानेवारी २०१८ रोजी रिचमंड या राजधानीच्या शहरात राज्य निवडणूक मंडळाचे अध्यक्ष जेम्स अल्कॉर्न यांनी एका निळ्या-पांढऱ्या वाडग्यात हात घातला. वाडगा तिथल्या कलासंग्रहालयातून मागून आणलेला होता. आत कॅमेऱ्याचे जुने रोल मिळायचे तसल्या दोन डब्या आणि प्रत्येक डबीत एका नावाची चिठ्ठी. बाहेर आलेल्या डबीत नाव होतं डेव्हिड यॅन्सी. त्या एका चिठ्ठीने राज्याच्या कनिष्ठ सभागृहात रिपब्लिकन पक्षाचं बहुमत ५१ विरुद्ध ४९ असं टिकलं. दुसरी डबी हाती लागली असती तर सभागृह ५०-५० असं दुभंगलं असतं.

हा मतदारसंघ म्हणजे हाउस ऑफ डेलिगेट्सचा क्रमांक ९४, न्यूपोर्ट न्यूज या बंदराच्या शहरातला. अमेरिकेच्या अणुशक्तीवर चालणाऱ्या सगळ्या विमानवाहू नौका याच शहरातल्या गोदीत बांधल्या गेल्या. सभागृहात १०० जागा आणि मुदत दोनच वर्षांची, त्यामुळे दर विषम वर्षी निवडणूक. एका मतदारसंघात साधारण ऐंशी हजार लोकवस्ती. आपल्या विधानसभेच्या एका मतदारसंघात २०११ च्या जनगणनेनुसार सरासरी पावणेचार-चार लाख लोक येतात, हे शेजारी ठेवलं की तिकडच्या आमदारकीचा आकार लक्षात येतो.

७ नोव्हेंबर २०१७ ला मतदान झालं. पहिल्या मोजणीत विद्यमान आमदार यॅन्सी दहा मतांनी पुढे होते. १९ डिसेंबरला फेरमोजणी झाली आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या शेली सायमंड्स एका मताने जिंकल्या, ११,६०८ विरुद्ध ११,६०७. अभिनंदनाचे फोन वाजून थांबलेही नसतील तोवर दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांनी बाद ठरलेली एक मतपत्रिका यॅन्सींच्या खात्यात घातली. दोघांचीही मतं ११,६०८.

असं होण्याची शक्यता किती? गणितातला पहिला धडा नाण्याचा असतो, तिथूनच सुरू करू. प्रत्येक मतदाराने घरून निघताना नाणं उडवून मत ठरवलं असं समजा. चार मतदार असतील तर दोन-दोन अशी बरोबरी होण्याची शक्यता ३७.५ टक्के. शंभर मतदार असतील तर सुमारे ८ टक्के. मतदार चौपट केले की ही शक्यता निम्मी होते, कारण ती मतदारांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरते. या दोघांना मिळून २३,२१६ मतं पडली होती. तेवढ्यांसाठी उत्तर येतं सुमारे १९१ मध्ये एक. म्हणजे बरोबरी तशी काही दुर्मीळ नाही, असं वाटायला लागतं.

पण नाणं थोडंसं वाकडं करून पाहा. लोकांचा कल ५०-५० नसून ५१-४९ असेल, तर हीच शक्यता वीस हजारांत एक इतकी खाली येते. ५२-४८ असेल तर दोन हजार कोटींहून अधिक निवडणुका घ्याव्या लागतील, तेव्हा कुठे एकदा बरोबरी दिसेल. एकेका टक्क्यासाठी एवढी घसरगुंडी. गणित चुकलेलं नाही, गृहीतक चुकलंय. हजारो नाणी एकदम उडवली की चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात आणि निकाल नाण्याच्या कलाला घट्ट चिकटून बसतो. माणसं अशी सुटी-सुटी नसतात. पाऊस पडला, एखादं भाषण गाजलं, कारखान्यातून कामगार कमी केले, की हजारो मतं एकाच दिशेने सरकतात. आणि मतदानाआधी तो कल नेमका किती टक्के आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

म्हणून दुसरा हिशेब जास्त प्रामाणिक वाटतो, आणि तो बोटांवर करता येतो. या मतदारसंघात कुठल्याही एका उमेदवाराला ४५ ते ५५ टक्क्यांच्या मध्ये काहीतरी मिळेल, एवढंच आपल्याला माहीत आहे असं धरा. २३,२१६ मतांत या दहा टक्क्यांच्या पट्ट्यात साधारण २,३०० वेगवेगळे निकाल बसतात आणि त्यांतला एकच बरोबरीचा. म्हणजे अटीतटीच्या जागेवर २,३०० मध्ये एक. एकतर्फी जागांवर अर्थातच त्याहून कितीतरी कमी.

प्रत्यक्षातले आकडेही आहेत. अमेरिकेतल्या राज्य विधिमंडळांच्या जुन्या निकालांचा धांडोळा घेणाऱ्या दोन अर्थशास्त्रज्ञांना असं आढळलं, की सुमारे पंधरा हजार मतांमागे एकच मत अशा उमेदवाराला गेलं होतं जो बरोबरीत राहिला किंवा एका मताने जिंकला. आपल्याकडेही उदाहरणं आहेत. राजस्थानात २००८ साली नाथद्वारा मतदारसंघात काँग्रेसचे सी. पी. जोशी ६२,२१५ मतं मिळवून हरले. समोरच्याला ६२,२१६ मिळाली होती. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर दोघांना ५,९४६ मतं पडली. एका लहान मुलीने चिठ्ठी काढली, शहांचं नाव निघालं आणि पालिकेतलं संख्याबळ सेना ८४, भाजप ८२ असं झालं. न्यूपोर्ट न्यूजमधल्या मतदानाच्या आठ-नऊ महिने आधीची ही गोष्ट.

इथपर्यंतचं गणित मतं मोजून नेमका आकडा हाती लागतो असं धरून चाललंय. मला या प्रकरणात खरं कुतूहल वाटतं ते त्या धरून चालण्याबद्दल.

भाजीवाल्याच्या काट्यावर सोन्याचा मणी तोलला तर काटा हलतो, पण तो मण्यामुळे हलला की वाऱ्याने, हे सांगता येत नाही. निवडणूक हेही एक मापन आहे आणि प्रत्येक मापनाला आपली चूक असते. पहिल्या मोजणीत यॅन्सी १० ने पुढे, फेरमोजणीत १ ने मागे. त्याच पेट्या, तेच कागद, तरी फरक ११ मतांनी हलला. तेवीस हजारांत अकरा म्हणजे दोन हजारांत एक, कुठल्याही सरकारी यंत्रणेने अभिमानाने सांगावी इतकी अचूकता. पण मोजायची वस्तूच त्याहून बारीक निघाली.

चूक येते कुठून? व्हर्जिनियात मतदार कागदावरचा छोटा अंडाकृती गोल काळा करतो आणि स्कॅनर त्या गोलातला काळेपणा मोजतो. ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर मत, नसेल तर नाही. अर्धवट भरलेला गोल, गोलाबाहेरची बरोबरची खूण, नावाभोवती काढलेलं वर्तुळ हे माणसाला कळतं, यंत्राला नाही. म्हणून फेरमोजणीत मतपत्रिका पुन्हा स्कॅनरमधून काढतात आणि ज्यांत एका पदासाठी दोन गोल भरलेले किंवा एकही गोल न भरलेला दिसतो, त्या बाजूला काढून डोळ्यांनी तपासतात.

निकाल फिरवणारी मतपत्रिका याच बाजूला काढलेल्या गठ्ठ्यातली. मतदाराने यॅन्सी आणि सायमंड्स या दोघांचेही गोल भरले होते. मात्र सायमंड्स यांच्या गोलावर एक तिरपी रेघ मारलेली होती. खाडाखोड? की हात घसरला? त्याच कागदावर राज्यपालपदाच्या रिपब्लिकन उमेदवाराच्या भरलेल्या गोलावरही एक फुली होती, म्हणजे गोंधळ आणखी वाढला. इतर पदांसाठी रिपब्लिकनांनाच पसंती दिलेली. तपासनिसांनी फेरमोजणीत हे मत बाद धरलं, न्यायाधीशांनी दुसऱ्या दिवशी यॅन्सींना दिलं. दोन्ही बाजूंनी तर्क लढवता येतो. मी न्यायाधीश असतो तर बहुधा त्यांच्यासारखाच निकाल दिला असता, पण रात्री झोप लागली असती असं नाही. मत गुप्त असल्यामुळे त्या मतदाराला बोलावून ‘बाबा रे, तुझ्या मनात काय होतं?’ असं विचारण्याची सोय नाही.

आपल्याकडच्या यंत्रावर हा प्रश्नच येत नाही, एक बटण दाबलं की दुसरं चालत नाही. पण यंत्रात मतदाराच्या हातची खूण उरत नाही, आणि वाद झाला की तीच तर पुन्हा बघायची असते. आपण त्यासाठी पुढे व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या आणल्या. व्हर्जिनियाने कागदी नोंद न ठेवणारी टचस्क्रीन यंत्रं सप्टेंबर २०१७ मध्ये, म्हणजे या मतदानाच्या जेमतेम दोन महिने आधी, राज्यभर बाद केली होती.

आता वाडग्याकडे वळू. चिठ्ठी काढणं न्याय्य असतं असं आपण मानतो, पण ते आपोआप होत नाही. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेने व्हिएतनाम युद्धासाठी कोणत्या तरुणांना आधी बोलवायचं हे जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून ठरवलं. ३६६ तारखा, ३६६ निळ्या कुप्या, काचेचं मोठं भांडं. कुप्या महिन्यामागून महिना भरल्या आणि नीट घुसळल्याच नाहीत. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांच्या तारखा वरवर राहिल्या आणि आधी हाताला लागल्या. पहिल्या १९५ क्रमांकांपर्यंतच बोलावणी गेली आणि डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी २६ त्यांत होत्या. संख्याशास्त्रज्ञांनी आरडाओरडा केल्यावर पुढच्या वर्षी पद्धत बदलली. ९४ क्रमांकात दोनच डब्या होत्या, दिसायला सारख्या, त्यामुळे घुसळण्याचा प्रश्न फारसा नव्हता. दोघांचं पारडं इतकं नेमकं सारखं त्या सबंध निवडणुकीत त्या वाडग्यातच होतं.

कारण चिठ्ठ्या आधीही निघाल्या होत्या, फक्त कुणी त्यांना चिठ्ठ्या म्हटलं नव्हतं. चार-पाच महिन्यांनी उघड झालं, की ९४ मध्ये राहणाऱ्या २६ मतदारांची नोंद चुकून शेजारच्या ९३ मध्ये झाली होती. त्यांना मतपत्रिकाही ९३ चीच मिळाली आणि त्यांनी ती इमानेइतबारे भरून दिली. तो भाग प्रामुख्याने कृष्णवर्णीय वस्तीचा, डेमोक्रॅटांकडे भरपूर झुकलेला. तिथल्या कलाप्रमाणे मतं पडली असती तर बरोबरी उरली नसती. कुणी कपट केल्याचं दिसलं नाही. सीमेवरच्या रस्त्यांची यादी कुणीतरी कधीतरी चुकीची भरली, एवढंच. अकरा मतांच्या चुकीवर दीड महिना कोर्टकचेरी झाली आणि सव्वीस मतांची चूक कुणाच्या गावीही नव्हती.

आणि त्याहून मोठी चिठ्ठी म्हणजे सीमारेषा. २०११ च्या पुनर्रचनेत शेजारचा क्रमांक ९५ हा हॅम्प्टन शहरातून न्यूपोर्ट न्यूजच्या आतपर्यंत लांबवत नेला होता. तिथे आणि राज्यातल्या आणखी काही मतदारसंघांत कृष्णवर्णीय मतदार किमान ५५ टक्के असलेच पाहिजेत, असं नकाशा आखणाऱ्यांनी ठरवलं होतं. ऐकायला हे त्यांच्या भल्याचं वाटतं. पण एका डब्यात खच्चून भरले की आसपासचे डबे रिकामे होतात. एका जागेवर प्रचंड मताधिक्य आणि शेजारच्या दोन-तीन जागांवर काठावरचा पराभव, असं हे गणित. २०१८ च्या जूनमध्ये केंद्रीय न्यायालयाने असे ११ मतदारसंघ वंशाच्या आधारे आखले म्हणून रद्द केले. त्यांत ९५ होता. एकाची कुंपणं हलवली की शेजाऱ्याचीही हलतात, त्यामुळे ९४ चाही आकार बदलला. सभागृहाने सर्वोच्च न्यायालयात केलेलं अपील जून २०१९ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा मतांनी फेटाळलं गेलं.

मधल्या काळात ते ५१-४९ चं सभागृह मात्र काम करत राहिलं. बहुमत इतकं निसटतं होतं की काही रिपब्लिकन आमदार विरोधकांच्या बाजूने गेले आणि वर्षानुवर्षं अडलेला, गरिबांच्या आरोग्यविम्याची व्याप्ती वाढवणारा निर्णय २०१८ च्या मे महिन्यात मंजूर झाला.

नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्या सीमांवर पुन्हा यॅन्सी विरुद्ध सायमंड्स अशी लढत झाली. सायमंड्स मोठ्या फरकाने जिंकल्या. पहिल्या मोजणीतच निकाल लागला आणि फेरमोजणीचं कुणी नावही काढलं नाही. २०२१ च्या अखेरीस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सगळा नकाशा नव्याने मंजूर केला आणि क्रमांकही बदलले. सायमंड्स आता न्यूपोर्ट न्यूजमधूनच, पण क्रमांक ७० मधून निवडून येतात, आणि ९४ हा आकडा खाडीपलीकडच्या नॉरफोक शहराच्या वाट्याला गेला आहे.