जुन्या मालडब्यांच्या फोटोंचे ऑनलाइन संग्रह (उत्तर अमेरिका)

अमेरिका आणि कॅनडाच्या रुळांवर धावलेल्या मालडब्यांचे जुने फोटो स्कॅन करून, रेल्वे कंपनी आणि डब्याच्या नंबराप्रमाणे लावून इंटरनेटवर ठेवलेले असतात, त्या साठ्यांबद्दल ही नोंद आहे. बॉक्सकार (चारी बाजूंनी बंद डबा), टँककार (द्रव पदार्थांची टाकी), हॉपर (खालून माल ओतणारा डबा), गोंडोला (वरून उघडा डबा), बर्फ भरून फळं-भाज्या नेणारे रीफर, सगळंच त्यात येतं. इंजिनांच्या फोटोंचे संग्रह याच्या कितीतरी पट मोठे आहेत आणि त्याचं कारण सरळ आहे, फिल्म जपून वापरावी लागायची, गाडी आली की लोक इंजिनाचा फोटो काढायचे आणि मागचे डबे कॅमेऱ्यासमोरून तसेच निघून जायचे. त्यामुळे 1960 च्या आधीच्या साध्यासुध्या बॉक्सकारचा, नंबर नीट वाचता येईल असा फोटो मिळाला की या नादातली माणसं हरखून जातात.

सगळा डोलारा नंबरावर उभा असतो. प्रत्येक डब्यावर चार अक्षरांपर्यंतचा रिपोर्टिंग मार्क, म्हणजे मालक कोण हे सांगणारी खूण, आणि पुढे जास्तीत जास्त सहा आकडी नंबर रंगवलेला असतो. मार्कच्या शेवटी एक्स असेल तर मालक रेल्वे कंपनी नाही, दुसरं कोणीतरी, जसं यूटीएलएक्स म्हणजे युनियन टँक कार. पण नुसत्या नंबरावर विसंबलात तर फसाल. 1976 मध्ये पेन सेंट्रलसकट ईशान्येकडच्या बुडालेल्या रेल्वे कंपन्या कॉनरेल या नव्या कंपनीत गेल्या, तरी त्यांचे डबे जुन्याच रंगात वर्षानुवर्षं फिरत होते, मग कधीतरी जुन्या मार्कवर रंगाचा पट्टा मारून त्यावर नवा मार्क लिहिला जायचा, आणि एकच डबा संग्रहात दोन ठिकाणी दोन नावांनी सापडतो. उलटही होतं, जुना डबा भंगारात गेला की त्याचाच नंबर नव्या डब्याला मिळतो. म्हणून नंबराबरोबर तारीख हवीच, तारखेशिवाय फोटो अर्धाच.

तारीख लिहिलेली नसली तरी बऱ्याचदा डबा स्वतःच सांगतो. रिकाम्या वजनाच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात "न्यू 4-48" असं काही दिसलं तर डबा एप्रिल 1948 मध्ये नवा असताना तोलला होता. तिथे न्यूच्या जागी एखाद्या यार्डाची किंवा कारखान्याची खूण आणि वेगळी तारीख असली तर तो पुन्हा तोललाय, म्हणजे फोटो त्यानंतरचाच. बाजूला रंगीत आडव्या पट्ट्यांचं लेबल दिसलं तर ते कारट्रॅक, डबे आपोआप ओळखण्यासाठी 1967 मध्ये स्वीकारलेली पद्धत, धूळ-मळाने लेबलं वाचता येईनात म्हणून 1977 च्या सुमारास सोडून दिली, लेबलं मात्र डब्यांवर तशीच राहिली. काळ्या चौकोनात पिवळा ठिपका असेल तर 1978 ची चाकतपासणी झालेली आहे. आणि 1966 पासून नव्या बॉक्सकारना छतावर चालायची फळी लावणं बंद झालं, त्यामुळे छताची नुसती कडा दिसली तरी काळाचा अंदाज बांधता येतो.

फोटो येतात कुठून? एक म्हणजे कारखान्यांचे फोटो. नवा डबा बाहेर पडला की नोंदीसाठी त्याचा फोटो काढायची पद्धत होती. 1899 मध्ये 13 कंपन्या एकत्र येऊन झालेल्या अमेरिकन कार अँड फाउंड्रीचे असे फोटो सेंट लुईसच्या बॅरिजर रेल्वे ग्रंथालयात आहेत. दुसरे सरकारी, लायब्ररी ऑफ काँग्रेसमधली जॅक डेलानो यांची 1942-43 मधली छायाचित्रं तर कोणीही बघावीत अशी, शिकागोजवळच्या प्रोव्हिसो यार्डातल्या डब्यांच्या रांगा चक्क रंगीत, आणि वापरायला पूर्ण मोकळी. तिसरे आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचे म्हणजे हौशी लोकांच्या स्लाइड, म्हणजे चौकटीत बसवलेले रंगीत फिल्मचे तुकडे. फॉलन फ्लॅग्जसारखी बंद पडलेल्या कंपन्यांना वाहिलेली संकेतस्थळं मुख्यतः त्यावरच उभी आहेत. कोडाक्रोम आणि एक्टाक्रोम या स्लाइडच्या फिल्म, कोडाक्रोम अंधारात ठेवलं तर रंग टिकवतं, जुनं एक्टाक्रोम मात्र विटतं, त्यामुळे स्कॅनिंगला उशीर परवडत नाही. घरातला माणूस गेला की खोकीच्या खोकी विकली जातात आणि स्लाइडच्या चौकटीवर पेनाने लिहिलेली जागा-तारीख स्कॅन न करता फक्त चित्र चढवलं जातं, हे फार मोठं नुकसान आहे. चौकटही स्कॅन करायलाच हवी. शिवाय स्लाइड विकत घेतली म्हणून हक्क मिळत नाही, कॉपीराइट वेगळा लिहून दिला नसेल तर तो फोटो काढणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडेच राहतो.

वापर सगळ्यात जास्त मॉडेल बनवणारे करतात. 1:87 च्या एचओ मापात डबा करताना शिडीला पायऱ्या सात की आठ, दारावरची अक्षरं कुठे तुटतात, गंज आधी कुठे उतरतो हे सगळं फोटोतूनच कळतं. संग्रहालयंही डबा पुन्हा रंगवताना हेच फोटो शोधतात. बाजूचे फोटो त्यातल्या त्यात मिळतात, हँडब्रेकचं टोक, म्हणजे बी-एंड, त्याहून कमी, आणि छताचे सगळ्यात कमी, कारण त्यासाठी कोणीतरी पुलावर उभं राहून खाली कॅमेरा धरलेला असावा लागतो.