चित्रपट आणि भारताची परदेशातील प्रतिमा

भारतात कधी पाऊल न ठेवलेल्या माणसाच्या मनातही भारताचे एक चित्र असते. ते घडवण्यात लोकप्रिय चित्रपटांचा वाटा मोठा आहे. विकसनशील देशांच्या बाबतीत तो विशेष वाढतो, कारण या देशांविषयीची इतर माहिती बाहेर तुटपुंजीच पोहोचते. फ्रान्सवरचा एखादा भडक चित्रपट पाहणाऱ्याजवळ फ्रान्सची आणखी शंभर चित्रे असतात, कझाकस्तानची नसतात. म्हणूनच २००६ च्या ‘बोराट’ या विनोदी चित्रपटाने त्या देशाची जी थट्टा उडवली ती कित्येकांसाठी त्याची पहिली ओळख ठरली. त्यातले ‘कझाक’ खेडे चित्रित झाले होते रुमानियात! कझाक सरकार आधी संतापले. २०२० मध्ये मात्र तिथल्या पर्यटन यंत्रणेने त्यातल्या बोराट या पात्राचेच पालुपद, ‘व्हेरी नाइस’, घोषवाक्य म्हणून उचलले.

भारताची गोष्ट वेगळी आहे. हा देश स्वतःच चित्रपटांचा मोठा निर्यातदार असल्याने त्याच्या पडद्यावरच्या प्रतिमा दोन आहेत. एक पश्चिमेत दिसते, दुसरी रशिया, आफ्रिका, पश्चिम आशिया आणि चीनमध्ये. आपल्याकडचे वादविवाद मात्र जवळजवळ सगळे पहिलीवरच होत आले आहेत.

ठग, काली आणि माकडाचा मेंदू

ब्रिटिश राजवटीत लंडन आणि हॉलिवूडने भारत रंगवला तो साम्राज्याची साहसभूमी म्हणून. वायव्य सरहद्दीवर घडणारा ‘द ड्रम’ १९३८ मध्ये मुंबईत लागला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षीच्या ‘गुंगा दीन’मध्ये ठगांची टोळी, कालीचे मंदिर आणि इंग्रजांसाठी प्राण देणारा निष्ठावंत भिश्ती होता. ‘फिल्मइंडिया’ मासिकाचे संपादक बाबूराव पटेल यांनी अशा भारतद्वेष्ट्या चित्रपटांविरुद्ध मोहीमच उघडली होती.

हा साचा किती चिवट, ते ‘गुंगा दीन’नंतर पंचेचाळीस वर्षांनी कळले. स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’मध्ये (१९८४) ठग आणि काली जशाच्या तशा परतल्या. सोबतीला राजवाड्यातली मेजवानी होती: जिवंत साप, किडे आणि थंडगार माकडाचा मेंदू. भारत सरकारने पटकथेत बदल मागितले, ते मान्य झाले नाहीत आणि चित्रीकरण श्रीलंकेत कँडीजवळ हलले. भारतात काही काळ बंदीही आली. खलनायक मोलाराम साकारला आपल्याच अमरीश पुरींनी. परदेशातल्या भारतीय मुलांना शाळेच्या डब्यावरून जे टोमणे ऐकावे लागले, त्यांत या एका प्रसंगाचा हात मोठा होता.

नर्गिस आणि गरिबीची निर्यात

कॅथरिन मेयो या अमेरिकन लेखिकेच्या ‘मदर इंडिया’ (१९२७) या पुस्तकाने भारताची बेअब्रू केली होती. गांधीजींनी त्याला गटारे तपासणाऱ्याचा अहवाल म्हटले. मेहबूब खान यांनी १९५७ मध्ये तेच नाव जाणूनबुजून आपल्या चित्रपटाला दिले. नर्गिस त्यात राधा ही कर्जाखाली पिचलेली शेतकरीण झाली. चित्रपट सुरू होतो तो म्हाताऱ्या राधेच्या हातून होणाऱ्या कालव्याच्या उद्घाटनाने. ऑस्करसाठी नामांकन मिळालेला हा पहिला भारतीय चित्रपट.

हीच नर्गिस १९८० मध्ये राज्यसभेची सदस्य असताना सत्यजित राय यांच्यावर घसरली. राय भारताची गरिबी परदेशात विकतात आणि आधुनिक भारत दाखवत नाहीत, हा तिचा आरोप. आधुनिक भारत म्हणजे काय, असे विचारताच उत्तर आले, धरणे. ‘पथेर पांचाली’ (१९५५) पश्चिम बंगाल सरकारच्या पैशातून पुरा झाला होता, तोही रस्तेसुधारणेच्या खात्यातून. तिच्या स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या भूमिकेतली भूक, सावकार आणि चिखल आठवले की आरोपातली विसंगती लपत नाही. तिला गरिबी खटकत नव्हती. धरणाविना असलेली गरिबी खटकत होती, असेच म्हणावे लागते.

परदेशी दिग्दर्शकांच्या बाबतीत हा राग आणखी धारदार झाला. फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांची भारतावरची माहितीपट मालिका बीबीसीने दाखवल्यावर १९७० मध्ये भारत सरकारने बीबीसीचे दिल्लीतले कार्यालय बंद केले. रोलँड जॉफी यांच्या ‘सिटी ऑफ जॉय’चे कलकत्त्यातले चित्रीकरणही निदर्शनांत अडकले होते.

धारावी

‘स्लमडॉग मिलियनेर’ (२००८) हे या वादाचे सर्वांत ठळक प्रकरण. भारतीय मुत्सद्दी विकास स्वरूप यांच्या कादंबरीवरून डॅनी बॉइल यांनी केलेल्या या चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली, त्यांत ए. आर. रहमान, गुलजार आणि रसूल पूकुट्टी हे भारतीय होते. अभिमान आणि संताप एकाच वेळी उसळले. ‘स्लमडॉग’ या शब्दावरून पाटण्यात निदर्शने झाली.

टीका बहुतेक वेळा ‘घाण दाखवली’ यावर थांबली. खरी उणीव दुसरीकडे होती. धारावी म्हणजे कुंभारवाडा, चामड्याची दुकाने, भंगार निवडून प्लास्टिक पुन्हा घडवणारे कारखाने, शिलाईचे गाळे. म्हणजे राबणारी वस्ती. चित्रपटातल्या झोपडपट्टीत दंगल, भिकाऱ्यांची टोळी आणि गुंडगिरी आहे, काम मात्र फारसे कुणी करताना दिसत नाही. सुटका होते ती प्रश्नमंजुषेतल्या नशिबाने. धारावीतल्या पर्यटकांच्या फेऱ्या चित्रपटाआधीच सुरू झाल्या होत्या. त्यानंतर धारावी हे नाव जगाच्या तोंडी बसले.

मुंबईचेच दुसरे चित्र चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने (२०१४) दाखवले: कनिष्ठ न्यायालय, तारखा, शाहीर, सरकारी वकिलाचा संध्याकाळचा स्वयंपाक. व्हेनिसमध्ये त्याला पुरस्कार मिळाले. पण महोत्सवांतले प्रेक्षक आणि ‘स्लमडॉग’ जगभर पोहोचवणारी वितरणव्यवस्था यांची तुलनाच नाही. प्रतिमा टिकते ती बहुधा ज्याच्याकडे चित्रपटगृहे आहेत त्याची.

दुसरी प्रतिमा

राज कपूरचा ‘आवारा’ (१९५१) १९५४ मध्ये सोव्हिएत संघात प्रदर्शित झाला आणि त्याची सहा कोटींहून अधिक तिकिटे खपली. नायक गरीब, बेघर, चोर. तरीही मॉस्कोत कुणाला त्यात भारताची बदनामी दिसली नाही, मुंबईतही नाही. चीन आणि तुर्कस्तानातही ‘आवारा हूँ’ लोकांच्या ओठी बसले. उत्तर नायजेरियात हौसा भाषक प्रेक्षकांनी ‘मदर इंडिया’ अनेक दशके पाहिला. सासर, लाज, मोठ्यांचा मान हे सारे त्यांना हॉलिवूडपेक्षा जवळचे वाटले. कानो शहरातल्या हौसा चित्रपटांची गाणी आणि प्रेमकथा यांवर हिंदी चित्रपटांची छाप स्पष्ट आहे. ‘दंगल’ने २०१७ मध्ये चीनमध्ये भारतापेक्षा जास्त कमाई केली. हरियाणाच्या तालमीतला कडक बाप चिनी पालकांना ओळखीचा वाटला.

इथे भारत दया किंवा भीती वाटावी असा देश नाही, शेजारचे घर आहे. या प्रतिमेवर संसदेत कुणी बोलत नाही.

परवानगी ते अनुदान

परदेशी निर्मात्याने पटकथा सरकारला दाखवून परवानगी घ्यायची, ही भारताची जुनी पद्धत. पण परवानगी नाकारल्याने प्रतिमा थांबत नाही, ती दुसऱ्या देशात चित्रित होते, हे ‘टेंपल ऑफ डूम’च्या कँडीतल्या चित्रीकरणाने शिकवले. उलटही घडते: २०२० च्या ‘एक्स्ट्रॅक्शन’मधला ढाका बऱ्याच अंशी अहमदाबादेत उभा राहिला आणि त्याच्या पिवळट रंगछटेवर बांगलादेशी प्रेक्षक चिडले. २०२२ मध्ये भारताने कान महोत्सवात परदेशी निर्मितीसाठी खर्चाच्या काही टक्के परताव्याची योजना जाहीर केली. पुढच्याच वर्षी परताव्याची मर्यादा वाढवण्यात आली, आणि कथेत भारतीय आशय भरपूर असल्यास वर जादा टक्के देण्याची तरतूदही योजनेत आहे.