कारची कीलेस एन्ट्री: बिघाड शोधणं आणि दुरुस्ती

कीलेस एन्ट्री म्हणजे चावी कुलपात न घालता गाडी उघडायची आणि लॉक करायची सोय. रिमोटचं बटण दाबून उघडणाऱ्या गाडीलाही लोक कीलेस म्हणतात आणि चावी खिशातच ठेवून हँडलला हात लावला की उघडणाऱ्या गाडीलाही. दुरुस्ती करताना मात्र हे दोन वेगळे प्रकार धरायचे, आणि इंजिन चालू करू देणारा इमोबिलायझर हा तिसरा. तिन्ही एकाच प्लास्टिकच्या डबीत बसवलेले असल्यामुळे घोळ होतो, "रिमोट गेला" म्हणून नवीन चावीची ऑर्डर जाते आणि बिघाड निघतो दाराच्या वायरीत.

बटणाचा रिमोट एकतर्फी असतो. भारतात आणि युरोपात तो साधारण ४३३.९२ मेगाहर्ट्झवर सिग्नल सोडतो, अमेरिकेत आणि जपानमध्ये बहुतेक ३१५ वर, त्यामुळे बाहेरून मागवलेला स्वस्तातला रिमोट दिसायला सेम असला तरी चालेलच असं नाही. दर वेळी कोड बदलतो, म्हणजे कोणी सिग्नल रेकॉर्ड करून परत वाजवला तरी गाडी उघडत नाही. यातली गाजलेली कीलॉक ही पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या नॅनोटेक कंपनीत १९८० च्या दशकात तयार झाली आणि १९९५ मध्ये मायक्रोचिप या चिप बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतली. यात गाडी पुढचे १६ कोड लगेच मान्य करते, त्यामुळे पोराने घरात बसून रिमोट भरपूर वेळा दाबला असेल तर पहिल्या दाबाला गाडी ढिम्म राहते, लागोपाठ दोनदा दाबलं की परत जुळते.

खिशातल्या चावीचं काम दुतर्फी. गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास हाक मारते, चावी वरच्या फ्रिक्वेन्सीवर ओ देते. हाक मारणारे अँटेना हँडलमध्ये, कन्सोलखाली, डिकीजवळ असे वाटलेले असतात आणि त्यांचा पल्ला मीटर-दीड मीटरच असतो. मर्सिडीजने १९९८ च्या एस-क्लासपासून कीलेस गो नावाने हे आणलं. तिसरा भाग, म्हणजे इमोबिलायझरची चिप, बऱ्याच गाड्यांत सेलशिवाय चालते, तिला लागणारी वीज गाडीतल्या कॉइलमधूनच मिळते. सेल मेला तरी चावी स्टार्ट बटणाला टेकवून इंजिन चालू होतं ते यामुळे (काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, मॅन्युअलमध्ये बघायची). दार उघडायला चावीच्या पोटात लपवलेलं लोखंडी पातं असतं, ते कुठे आहे हे माहीत नसलेले मालक भरपूर.

शोध घ्यायची सुरुवात दुसऱ्या चावीने करावी. ती चालली तर दोष पहिल्या चावीत, दोन्ही बंद असतील तर गाडीकडे बघायचं. बटणाने उघडते पण हँडलने नाही, असं असेल तर हँडलमधला स्विच किंवा अँटेना, आणि पावसाळ्यात तिथे पाणी शिरून कनेक्टर हिरवा पडलेला सापडतो. एकच दार अडत असेल तर चावीचा काही संबंध नाही. चारही दारं गप्प असतील तर आधी फ्यूज आणि १२ व्होल्टची बॅटरी बघायची, बॉडी कंट्रोल मोड्यूलचं (लॉक, दिवे वगैरे सांभाळणाऱ्या गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरचं) नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं, पण गॅरेजमध्ये ते सगळ्यात आधी घेतलं जातं कारण बिल तिथेच मोठं होतं.

सेलवरचा नंबर म्हणजे त्याचं माप: २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. २०२५ घातला तर तो ढिला बसतो, कधी चालतो कधी नाही. मल्टिमीटरवर थकलेला सेलसुद्धा २.९ व्होल्ट दाखवतो, म्हणून बटण दाबून धरून मोजायचं, तेव्हा आकडा धपकन खाली आला की सेल बदला. नवीन सेल घालूनही जमत नसेल तर सेलला टेकणारे पत्र्याचे टोक दबलेत का बघा, बारीक चिमट्याने किंचित वर घ्या. बटणाखालचा छोटा स्विच सर्किटवरून सुटलेला असतो, तो बारीक टोकाच्या सोल्डरिंगने परत बसतो, काम दहा मिनिटांचं. चावी पाण्यात पडली असेल तर सेल लगेच काढायचा, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून पूर्ण वाळवायचा.

एका दाराच्या तक्रारीत दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी मागे सरकवून बघा. दार रोज उघड-मीट होत असल्यामुळे आतली वायर तिथेच तुटते, आणि वरचं प्लास्टिक शाबूत असलं की नुसतं बघून कळत नाही, हलकं ओढल्यावर ती रबरासारखी ताणली जाते. वायर ठीक आणि लॉक करताना मोटरच्या कनेक्टरवर क्षणभर १२ व्होल्ट येत असतील, तरी कुलूप हलत नसेल, तर मोटर किंवा तिचा प्लास्टिक गिअर गेला.

एकाच ठराविक जागी रिमोट चालत नसेल तर गाडीत दोष नसतोही. स्वस्त डॅशकॅम, मोबाइल चार्जर, आजूबाजूचं रेडिओ यंत्र सिग्नलवर गोंधळ घालतं, चार्जर काढून बघायला पैसे पडत नाहीत. उलट चावी घरात पण गाडीच्या अगदी जवळच्या भिंतीला टांगलेली असेल तर दोघांची बोलणी चालूच राहतात आणि सेल, कधी बॅटरीसुद्धा, लवकर उतरते.

याच हाक-ओ पद्धतीचा चोर फायदा घेतात, घरातल्या चावीचा सिग्नल दोन यंत्रांनी गाडीपर्यंत पोचवून. २०११ मध्ये झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी ८ कंपन्यांच्या १० गाड्या अशा उघडून दाखवल्या. इथे बदलता कोड काही कामाचा नाही, कारण उत्तर खऱ्या चावीचंच असतं. सिग्नल अडवणारी धातूच्या अस्तराची पिशवी चालते, मात्र फाटल्यावर नाही, म्हणून चावी पिशवीत ठेवून हँडल ओढून अधूनमधून बघावं.

नवीन चावी प्रोग्राम करायला नेताना घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्याव्या, कारण काही मॉडेल्समध्ये प्रोग्रामिंग करताना जुन्या सगळ्या पुसल्या जातात आणि ड्रॉवरमध्ये राहिलेली चावी मग फक्त दार उघडायच्या पात्यापुरती उरते.