वंशावळीच्या मालिकांत डीएनए शिरला तो असा

जानेवारी 1977 मध्ये अमेरिकेच्या एबीसी वाहिनीने 'रूट्स' ही मालिका सलग आठ रात्री दाखवली. ॲलेक्स हेली यांच्या आदल्या वर्षीच्या पुस्तकावर ती बेतलेली होती: गांबियातून पकडून आणलेला कुंटा किंटे आणि गुलामगिरीत जन्मलेल्या त्याच्या पुढच्या पिढ्या. शेवटचा भाग सुमारे दहा कोटी लोकांनी पाहिला. हेलींनी मांडलेली वंशावळ कागदपत्रांच्या कसोटीला जागोजागी उतरत नाही, हे संशोधकांनी पुढे दाखवून दिले. दुसऱ्या लेखकाच्या कादंबरीतला मजकूर घेतल्याचा दावाही त्यांना 1978 मध्ये पैसे मोजून मिटवावा लागला. पण तोवर लाखो लोकांना आपल्या खापरपणजोबांचे वेध लागले होते.

कृष्णवर्णीय अमेरिकनांचा शोध मात्र बहुतेक वेळा 1870 पाशी येऊन थांबे. पूर्वी गुलाम असलेल्या सगळ्यांची नावानिशी नोंद झाली ती त्या वर्षीच्या जनगणनेत. त्याआधी 1850 आणि 1860 मध्ये गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या होत्या. डावीकडे मालकाचे नाव, पुढे एकेका ओळीत वय, लिंग आणि रंग. गुलामाचे नाव जवळजवळ कुठेच नाही. चाळिशीतला पुरुष, विशीतली बाई, आठ वर्षांची पोर: आपली पणजी यातली कोणती, हे त्या कागदावरून कळणार कसे?

ब्रिटनमध्ये ही अडचण एवढी तीव्र नव्हती. तिथल्या चर्चच्या नोंदवह्या सोळाव्या शतकापर्यंत मागे जातात. 1901 ची जनगणना जानेवारी 2002 मध्ये इंटरनेटवर आली तेव्हा इतकी झुंबड उडाली की ती वेबसाइट काही दिवसांतच बंद ठेवावी लागली. लोकांची भूक दिसतच होती. बीबीसीने 2004 मध्ये 'हू डू यू थिंक यू आर?' सुरू केले ते याच सुमारास. एखादा नामवंत नट किंवा गायक जुन्या नोंदवह्या चाळतो, पणजी गरिबांच्या वर्कहाऊसमध्ये वारली हे वाचतो आणि त्याचा आवाज घोगरा होतो. कार्यक्रमाचा सगळा भार कागदांवर होता, डीएनएची फारशी गरजच नव्हती.

डीएनए आला तो कागद जिथे गप्प बसतात तिथे. 1998 मध्ये 'नेचर' नियतकालिकात एक गाजलेली चाचणी प्रसिद्ध झाली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्यापासून त्यांची गुलाम सॅली हेमिंग्ज हिला मुले झाली का, हा जुना वाद होता. जेफरसन यांच्या पुरुष-वंशाची थेट शाखा उरलेली नव्हती, म्हणून त्यांच्या चुलत्याच्या वंशजांचे वाय गुणसूत्र, म्हणजे बापाकडून फक्त मुलाकडे जाणारे गुणसूत्र, घेतले. ते सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी जुळले. इथे एक मेख आहे. बाप जेफरसन घराण्यातला होता, एवढेच ही चाचणी सांगते. तो थॉमसच, हे बहुतेक इतिहासकारांनी मान्य केले ते तो कधी घरी होता, सॅलीची मुले कधी जन्मली, या नोंदी शेजारी ठेवून. अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर, म्हणजे पीबीएसवर, 2000 मध्ये या प्रकरणावर माहितीपट आला.

पुढची काही वर्षे मालिकांचा प्रश्न एकच होता: आपण मूळचे कुठले? बीबीसीच्या 2003 मधल्या 'मदरलँड' या माहितीपटात कॅरिबियन वंशाचे तीन ब्रिटिश नागरिक आफ्रिकेतले आपले मूळ शोधायला निघाले. 2006 मध्ये पीबीएसवर कृष्णवर्णीय प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांची 'आफ्रिकन अमेरिकन लाइव्ह्ज' आली. टीव्हीवरच्या प्रसिद्ध सूत्रसंचालिका ऑप्रा विन्फ्री आपण दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू जमातीच्या असल्याचे सांगत असत. चाचणीने त्यांचा मातृवंश लायबेरियातल्या केपेले लोकांशी जोडला. खुद्द गेट्स यांची आई-वडिलांकडची दोन्ही टोके युरोपात निघाली, आणि घरात सांगितला जाणारा गोरा पूर्वज मात्र त्यांचा नव्हताच!

पडद्यावर हे क्षण झकास दिसतात. पण या चाचण्या आईच्या आईची आई किंवा बापाच्या बापाचा बाप अशी एकेकच रेघ धरतात. दहा पिढ्या मागे गेले तर 1,024 पूर्वजांच्या जागा भरतात आणि त्यातल्या एका बाईवरून 'तुम्ही अमुक जमातीचे' असे जाहीर होते. शिवाय एकच मातृवंश अनेक जमातींत सापडतो. 2007 मध्ये 'सायन्स'मध्ये काही अभ्यासकांनी यावर बोट ठेवले. मालिकावाल्यांना तेवढा बारकावा परवडत नाही. त्यांना नकाशावर एक ठिपका हवा असतो.

कलाटणी मिळाली ती सर्व गुणसूत्रांवरच्या लाखो जागा तपासणाऱ्या स्वस्त किटमुळे. 23अँडमी या कंपनीने 2007 मध्ये, ॲन्सेस्ट्री या दुसऱ्या कंपनीने 2012 मध्ये ती घरोघर पोचवली आणि 2019 पर्यंत अडीच कोटींहून अधिक लोकांनी लाळेचे नमुने दिले. आता उत्तरात जमातीऐवजी जिवंत नातेवाईक येऊ लागले. गेट्स यांच्या 2012 पासूनच्या 'फाइंडिंग युअर रूट्स'मध्ये रॅपर एलएल कूल जे याला आपली आई दत्तक होती हे कळले. ते तिलाही ठाऊक नव्हते. बीबीसीने 2021 मध्ये 'डीएनए फॅमिली सीक्रेट्स' आणले, त्यात तर आपले वडील कोण असे विचारत सामान्य माणसेच येतात. तिथल्या शास्त्रज्ञ टुरी किंग म्हणजे लेस्टरच्या पार्किंगखाली सापडलेला सांगाडा इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा हे ठरवणाऱ्या चमूतल्या.

तरी यंत्र नाते सांगत नाही, टक्के सांगते. साधारण पंचवीस टक्के डीएनए जुळला तर समोरचा आई किंवा बाप एकच असलेला सावत्र भाऊ असेल, काका असेल, मामा असेल किंवा आजोबाही. साडेबारा टक्क्यांत चुलत, मावस, आते, मामे सगळे एका रांगेत. मग वय बघा, गाव बघा, जन्माचे दाखले काढा, कोण कुठे नोकरीला होता ते शोधा. मालिकेत हे महिन्यांचे काम दोन मिनिटांत उरकते.

हीच रीत 2018 मध्ये कॅलिफोर्नियाच्या पोलिसांनी 'गोल्डन स्टेट किलर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खुन्याला पकडायला वापरली: गुन्ह्याच्या जागेवरचा डीएनए, जेडमॅचसारख्या खुल्या संग्रहात सापडलेले दूरचे भाईबंद आणि मग पिढ्यांचा आराखडा. गेट्स यांच्या कार्यक्रमासाठी डीएनएचा शोध घेणाऱ्या सीसी मूर 2020 मध्ये एबीसीच्या 'द जेनेटिक डिटेक्टिव्ह'मध्ये खुनाचे छडे लावताना दिसल्या. त्याआधीच, मे 2019 मध्ये, जेडमॅचने नियम बदलला होता: स्वतःहून परवानगी दिलेल्यांच्याच डीएनएशी पोलिसांना जुळणी करून पाहता येईल.